शेजारणीचं दव

माझ्या शेजारणीला आणि मला मिळून इंग्रजीचे मोजकेच शब्द येत. ती बल्गेरियाची, मी नागपूरची. दोघीही विधवा, दोघीही इथे अमेरिकेत, सनीव्हेलला पोरांकडे राहायला आलेल्या. सकाळी सगळे गाड्यांनी, कंपनीच्या शटल बसने निघून गेले की अख्ख्या इमारतीत आम्ही दोघी उरायचो आणि खाली पालापाचोळा उडवणारं ते बोंबलणारं यंत्र.

मला तिची फार कीव यायची. तिच्या भाषेचं इथे चिटपाखरू नव्हतं. माझ्याकडे निदान रविवारी मराठी बोलणारं कुणीतरी ‘काकू, काकू’ करत यायचं. आता तेही कमी झालं होतं, पण दुसऱ्याची कीव करायला तेवढं पुरतं.

मागच्या वर्षी मे महिन्यात तिने दाराला हिरव्या फांद्या बांधल्या. मला तोरणच वाटलं. सेंट जॉर्जचा सण होता. तिच्या तसबिरीत तो घोड्यावर बसलेला, हातात भाला. मी म्हटलं, हा तर आमचा खंडोबाच की! त्या पहाटे तिने मला हाताला धरून खाली नेलं होतं. सूर्य उगवायच्या आत गवतावरच्या दवाने तोंड धुतलं की वर्षभर दुखणं येत नाही, हे तिने हातवारे करून समजावलं. आम्ही दोघींनी ओल्या गवतावर तळवे फिरवून तोंडं धुतली. दुपारी तिच्याकडे कोकराचं जेवण होतं, त्याला मी हात जोडले. मग तिने मला सणाच्या पावाचा तुकडा मोडून दिला.

संध्याकाळी मुलाला हौसेने सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, “आई, ते दव नाही गं, स्प्रिंकलरचं पाणी. पहाटेचा टायमर सेट केलेला असतो. आणि रिसायकल्ड वॉटर आहे ते, सांडपाणी शुद्ध केलेलं, बोर्ड नाही का वाचलास?”

मी तिला काहीच बोलले नाही. पण वर्षभर तिचे गुडघे दुखत राहिले आणि मी मनातल्या मनात त्या स्प्रिंकलरला शिव्या घालत राहिले.

यंदा सण झाला की ती कायमची परत जाणार होती. गुडघ्यांचं ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं होतं. निदान या खेपेला तरी तिला खरं दव मिळावं, असं मी मनावरच घेतलं. आदल्या संध्याकाळी आमच्या दारासमोरच्या स्प्रिंकलरवर बादली उपडी घातली आणि वर वीट ठेवली.

“आई, मॅनेजमेंट फाइन मारेल यार, सिरियसली,” मुलगा म्हणाला.

“मारू दे,” मी म्हटलं.

पहाटे बादलीखाली पाणी धडधडत होतं आणि तिच्या पलीकडचं गवत दवाने पांढुरकं झालं होतं. शेजारीण पांढरं फडकं घेऊन आली. बादली बघून खुदकन हसली. म्हणजे मागच्या वर्षीचं ते दव कसलं होतं, हेही तिला ठाऊक होतं. पापडाला चादर पसरावी तसं आम्ही फडकं दोन टोकांना धरलं आणि गवतावरून ओढत नेलं. पिळलं तर तळहातभरही पाणी निघेना. फडकं तेवढं ओलं झालं.

मी तिच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. “नी, नी!”

तिने नको म्हणून मान हलवली आणि ते फडकं माझ्याच कपाळावरून फिरवलं. मग डोळ्यांवरून, गालांवरून, लेकराचं तोंड पुसावं तसं.

“आय गो होम,” ती म्हणाली. “सिस्टर. पीपल. यू... अलोन.”

मी वर्षभर तिची कीव करत होते आणि ती माझी. खरी कीव तिचीच होती. मला रडू आवरेना. नवरा गेला तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

ती थांबली, माझं रडून होऊ दिलं. मग फडक्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि कठडा धरत, एकेका पायरीवर कण्हत, जिना चढून वर गेली.