मागचं स्टूल

फोटोवाल्या अण्णांचा स्वभाव हेकट, अगदी पहिल्यापासून. स्टुडिओची जागा घेतली तेव्हा त्यांनी आधी कॅमेऱ्याला लेन्स लावली, पाठ मागे मागे नेत गेले, आणि अख्खं कुटुंब चौकटीत मावल्यावर म्हणाले, "बस्स, इथे पार्टिशन!" पार्टिशनमागे उरली ती डार्करूम, बायकोच्या वाट्याला.

"वा! तुमच्या लेन्सला दिवाणखाना आणि मला कोनाडा," ती म्हणाली. पण ती पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्यायला लावली होती तिनेच, हट्टाने. त्याच कोनाड्यात तिने जन्मभर फिल्म धुतल्या. हात रिकामे असले की दार उघडून स्टुलावर बसायची आणि पुढे चाललेला तमाशा बघत राहायची.

ती गेली आणि अण्णांनी ते दार लावलं ते लावलंच. कुणाची टाप होती उघड म्हणायची? पुढे जुना कॅमेराही कायमचा बंद पडला.

आता लेक नवऱ्यामुलांसह परदेशी निघाली होती, उद्याच. पुन्हा सगळे एकत्र कधी येणार, कुणास ठाऊक. तिने बापासाठी डिजिटल कॅमेरा आणला. "बाबा, आईची लेन्स याला बसते. त्याच लेन्सने एक फोटो काढा, आपल्या सगळ्यांचा. मला तोच न्यायचाय."

सगळे ओळीत उभे राहिले. एका टोकाला अण्णांची थोरली बहीण आक्का, दुसऱ्या टोकाला जावई. अण्णांनी पार्टिशनला पाठ टेकवून डोळा लावला आणि चक्रावलेच. आक्का गायब, जावई अर्धा!

"लेन्स बिघडली की काय?"

"लेन्स ठणठणीत आहे," लेक म्हणाली. "पण फिल्मच्या जागी आता सेन्सर आहे, आणि तो फिल्मपेक्षा लहान. झारीखाली परातीऐवजी वाटी धरली तर मधलं तेवढंच पाणी पडणार ना तिच्यात? कडेचं बाहेर. रुंद लेन्स लावा, नाहीतर मागे सरा."

"रुंद नको. आईची म्हणालीस ना?" अण्णा भडकले. "आणि मागे कुठे सरू? भिंतीत?"

"मला कापायचंच असेल तर सांग रे," आक्का म्हणाली, "तोवर चहा तरी टाकते." मग तिचा आवाज उतरला. "ते दार उघड ना रे."

अण्णा कडीपाशी गेले. मग त्यांनी ती काढली, दोन्ही झडपा उघडल्या. आतला रसायनांचा आंबूस वास अजून तसाच होता. कॅमेरा घेऊन ते मागे मागे गेले आणि स्टूल लागलं तसे त्यावर बसले.

डोळा लावला. आक्का आली, जावई पुरता आला. एकूणएक आले. अण्णांनी बटण दाबलं.

"बाबा, मावलो का सगळे?"

कॅमेरा मांडीवर ठेवून अण्णा नुसते समोर बघत होते. बायकोला इथून सगळं दिसायचं तर! येणारी-जाणारी माणसं, रडणारी पोरं, नटलेल्या नवऱ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध अण्णांची पाठ. इतकी वर्षं ती पाठ बघत बसली बिचारी, आणि फोटो काढताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. अण्णांना रडू आवरेना.

लेक धावत आली. "राहू दे बाबा, झाला ना फोटो."

"अजून एक काढायचाय," ते डोळे पुसत म्हणाले. स्टुलावर कॅमेरा नीट टेकवून त्यांनी तिच्याकडून टायमर लावून घेतला. मग बाहेर येऊन ओळीत मधोमध उभे राहिले, स्टुलाकडे तोंड करून. आजवर घरच्या एकाही फोटोत ते नव्हते.

"अरे, हस की जरा! असा टक लावून काय बघतोयस?" आक्का म्हणाली.

"बघू दे गं," अण्णा म्हणाले. "राहूनच गेलं होतं."