खिडकीवरचा लाल स्टिकर

बजाजनगरचे राजकुमार हिवराळे वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासतात. सदोष भाग आला की ते पाच वेळा ‘का?’ विचारतात. कारण सापडेपर्यंत त्या भागावर लाल स्टिकर राहतो आणि तो भाग कुणी फेकायचा नसतो.

घरी ते मुलीशी, चौथीतल्या अमृताशी, हाच खेळ खेळायचे. पण ‘परीक्षेला नाही ते विचारू नको’ असं शाळेत ऐकल्यापासून ती गप्प झाली होती. तिनं विचारणंच सोडलं तर, याची हिवराळेंनी धास्ती घेतली होती.

एका रविवारी जेवताना ती हळूच म्हणाली, “पप्पा, हे सगळं विश्व कशामुळं हाय?”

“महास्फोट झाला म्हणून.”

“तो का झाला?”

“सगळं लई तापलेलं, दाटलेलं होतं. ते पसरलं.”

“पण ते तरी का होतं?”

हिवराळे तिसऱ्याच ‘का’ला अडकले.

“क्वालिटीवाले फेल!” त्यांची बायको निशा हसली.

“नाय माहीत, बेटा. शास्त्रज्ञांनाबी अजून नाय. कधी कळंल का, तेबी सांगता येत नाय.”

“मग माझा प्रश्न चुकला?”

“चुकला नाय. कारण सापडलं नाय.”

अमृता उठली. पप्पांच्या कामाच्या शर्टाच्या खिशातून तिनं लाल स्टिकर काढला आणि खिडकीच्या काचेवर, आभाळ दिसतं तिथं, चिकटवला.

निशा आता काच पुसते ती स्टिकरच्या कडेकडेनं. दुधावर साय का येते, इथपासून अमृताची चौकशी पुन्हा सुरू झाली आहे.