खुर्ची मागणारं वाक्य

१७ नोव्हेंबर. सकाळी साडेसातला नेकनूरच्या माझ्या बियाण्याच्या दुकानामागे मी हरभऱ्याला औषध चोळत होते. कोपरापर्यंत हात गुलाबी झाले होते. फोन मुलाने कानाला लावून धरला. पलीकडे शेटे बाईंचा भाचा. "रुक्मीणताई, आत्या गेली. पहाटंच." औषध लावलेलं बियाणं तसंच ठेवता येत नाही. मी उरलेलं चोळून सावलीत पसरलं, हात धुतले आणि गेले. रंग काही पुरता निघाला नाही.

लिंगायत रिवाजाप्रमाणे बाईंना भिंतीशी बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. आमच्या धनगरांच्या घरात गेलेलं माणूस आडवं असतं, त्यामुळे मला ते जरा वेगळं वाटलं. पण बाईंना शोभलं. रडारड मला जमत नाही. मी पाया पडले आणि पाणी भरू लागले.

बाई आम्हाला आठवीला इंग्रजी शिकवायच्या. त्या नेकनूरच्या, भाऊ महादप्पाअण्णा किराणा दुकानदार. रोज एसटीने आमच्या गावच्या शाळेत यायच्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बीडला नवे एसटीडी बूथ उघडत होते, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या वर्गात मुलं बाकावर, मुली तरटावर बसत होत्या. बाईंच्या आवडीची वाक्यं एकाच घडणीची. आधी क्रियापद, त्याला लागून माणूस, मग वस्तू. गिव्ह मी द चॉक. शो हर युवर बुक. टेल अस द ट्रुथ. त्या म्हणायच्या, "बघा, मागणारा क्रियापदाला खेटून उभा हाय. मधी दलाल न्हाई." आम्हाला हे नवं होतं. आमच्या घरी मुलीला वही हवी असली तर ती आईला सांगायची, आई आजीला, आजी संध्याकाळी वडिलांना. आणि वही आलीच तर दिवाळीनंतर. बाईंचा नियम असा की जे मागितलं ते हातात पडलं तरच वाक्य पुरं झालं. खडू मागितला तर खडू मिळेपर्यंत उभं राहायचं. समोरच्यानेही दिल्याशिवाय सुटायचं नाही. पहिले काही दिवस आम्ही नुसते खडू, डबे आणि कंपासपेट्या इकडून तिकडे फिरवत होतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी म्हणायचे, "बाई, शाळा हाय का आठवडी बाजार?" बाई म्हणायच्या, "बाजारच हाय. तुमी पण या, खडू घेऊन जावा."

मग तपासणीला साहेब आले. वर्गात एकच खुर्ची, तिच्यावर ते बसले. मागे मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं आणि एक वाक्य करायला सांगितलं. मी उठले. डोक्यात काही नव्हतं. समोर जे दिसलं ते मागितलं.

"सर, गिव्ह मी युवर चेअर."

पोरं फिसकन हसली. साहेबही हसले. "शाब्बास. बस खाली." मी उभीच. साहेबांनी पुन्हा हात हलवला. मी उभीच...

बाई म्हणाल्या, "साहेब, ती वाट बघतीय."

"कशाची?"

"खुर्चीची."

"बाई, पुरे झालं," मुख्याध्यापक म्हणाले.

"वाक्यात चूक असंल तर सांगा," बाई साहेबांकडे बघत म्हणाल्या. "नसंल तर उठा."

साहेब उठले. मी जाऊन बसले. पाय जमिनीला टेकत होते, एवढंच आठवतं. बाईंनी थँक यू म्हणायला लावलं आणि पुढच्या मुलीला उभं केलं.

संध्याकाळी अध्यक्षांनी बाईंना बोलावून माफीनामा नाहीतर राजीनामा, दोन्हीतला एक कागद मागितला. ऑफिसच्या खिडकीखाली आम्ही पाच-सहा पोरी होतो. "माफी कावून मागू?" बाईंचा आवाज आला. "पोरीनं नीट मागितलं, साहेबानं नीट दिलं. चुकलं कोन? दोन्हीतला एकबी कागद मिळनार न्हाई." आठ दिवस त्या रोज आल्या. हजेरीपटावर त्यांचं नाव लाल शाईने कापलं होतं. त्या रोज त्याच्याखाली सही करायच्या आणि वर्ग घ्यायच्या. नवव्या दिवशी वर्गाला कुलूप होतं.

त्यानंतर पंचवीस वर्षं त्यांनी अण्णांच्या दुकानाच्या ओसरीत शिकवलं. ज्यांनी नाव कापलं त्यांच्याही नाती तिथे येऊन गेल्या, कारण एव्हाना इंग्रजी सगळ्यांनाच हवी होती. मी बियाण्याच्या दुकानाच्या परवान्यासाठी बीडच्या ऑफिसात चार खेपा घातल्यावर पाचव्यांदा खिडकीत वाकून 'शो मी द रूल' म्हणाले. त्यांना नियम दाखवता आला नाही, मला परवाना मिळाला. बाईंना सांगायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "बाई, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली ना?" त्या वाटाणे निवडत होत्या. "लई मोठी झालीस का गं? वाक्य तुझं. 'उठा' मी म्हनाले. माझं श्रेय घिऊ नको."

परवा शाळेत शोकसभा झाली. आता अध्यक्षांचे चिरंजीव अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, बाई अत्यंत नम्र होत्या, संस्थेच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नाहीत, घरच्या अडचणीमुळे त्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला. बाईंच्या ओसरीतल्या मुली पुढेच बसून ऐकत होत्या. एवढंच ऐकून घरी गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी तेच खरं झालं असतं. मी उठले. "नम्र नव्हत्या," मी म्हणाले. "आन् राजीनामा दिला न्हाई. तुमी त्यांना काढलं." आणि सगळं सांगितलं. चिरंजीव हात जोडून म्हणाले, "मावशी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." मी म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दलच खोटं बोलू नये. तिला उठून सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि पावणेअकराला शाळेच्या ऑफिसात गेले. अर्ज घरून लिहून नेला होता: शेटे बाईंनी दिलेल्या राजीनाम्याची नक्कल मिळावी, नसल्यास तो नाही, असं लेखी मिळावं. क्लार्क म्हणाला, "ताई, इतकं जुनं दप्तर... उंदरानं खाल्लं असंल."

"तर तसं लिहून द्या."

"ठिवून जावा अर्ज."

"पोच द्या."

"शिक्का सापडंना झालाय."

"सापडूस्तोर हाय मी."

घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली. दोनदा मुख्याध्यापक बाहेर डोकावून आत गेले. अखेर क्लार्कने खण उघडला. शिक्का वरच होता. त्याने तो माझ्या प्रतीवर उमटवला, खाली सही केली. तारीख टाकली नव्हती. मी कागद परत त्याच्यापुढे सरकवला.