स्वान्सीच्या खिडकीतला माझा गणपती

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण पुढचं ऐकताना कप खाली ठेवा. कारण या किश्शात मी माझी अब्रू स्वतःच्या हाताने, मोठ्या पडद्यावर, एडमंटनमधल्या दीडशे मराठी माणसांसमोर घालवली आहे.

तसा मी साधा निवृत्त मेटलर्जिस्ट. पण एका गोष्टीचा मला भारी अभिमान. कॅनडात येण्याआधी मी वेल्समधल्या स्वान्सी बंदरात शिकायला होतो, आणि त्या गावात पहिला गणपती मी बसवला. हे मी किती वेळा सांगितलं असेल? माझी बायको सुनंदा म्हणते, आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणाऱ्या माणसालासुद्धा हे पाठ आहे.

मानत नव्हते ते फक्त डॉक्टर कारखानीस. माझे चाळीस वर्षांपासूनचे मित्र. दर गणपतीत त्यांचा एकच प्रश्न. "प्रूफ आहे का?"

आता प्रूफ कुठून आणणार? फोटो नाही, साक्षीदार नाही. त्या गावात मूर्ती मिळणार कुठे, म्हणून मीच केली. आमच्या डिपार्टमेंटमध्ये भट्टीला आतून लिंपायची माती असायची, ती घेतली. सोंड दोनदा गळून पडली, म्हणून तिसऱ्यांदा चांगली जाड केली. तिथला पाऊस थांबेना आणि मूर्ती सुकेना, म्हणून सरळ भट्टीत घालून कडक भाजून काढली. दीड दिवस खोलीत पूजा केली. घरमालकीणबाईंनी वाटीभर शिरा आवडीने खाल्ला. मग संध्याकाळी भरती आल्यावर धक्क्यावर उभं राहून एकट्यानेच 'मोरया' म्हणत विसर्जन केलं. घरची आठवण येऊन रडलो, तेही सांगून टाकतो.

तर यंदा इथल्या मराठी मंडळाने गणपतीच्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं दिली. विषय, परदेशातले पहिले दिवस. कारखानीस म्हणाले, प्रूफसकट बोला हं. झालं! मी आठवडाभर बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरपुढे. स्वान्सीच्या लोकांचा जुन्या फोटोंचा एक ग्रुप सापडला. धक्के, बोटी, बाजार, शाळेतली पोरं, आणि प्रत्येक फोटोखाली म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी.

त्यातल्या एका फोटोत ओहोटीच्या चिखलात गमबूट घालून एक कोळी उभा होता. त्याच्या काखेत माझा गणपती होता.

ओळखणार नाही होय? तसली सोंड जगात दुसऱ्या कुणाला जमलेली नाही. मी ओरडून सुनंदाला बोलावलं. तिने फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"अहो, पण तुम्ही तर विसर्जन केलं होतं ना?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जी माती वितळलेल्या लोखंडाला दाद देत नाही, ती पाण्याला काय देणार? धातुशास्त्राची पदवी घेणाऱ्या माणसाने गणपतीची भट्टीची वीट करून ती समुद्रात सोडली होती. त्यात तिथली ओहोटी अशी की पाणी पार दिसेनासं होतं. बाप्पा सकाळी चिखलात बसलेले.

हे कुणाला सांगू नका, सुनंदा म्हणाली. पण मला प्रूफ मिळालं होतं, मी कुणाचं ऐकतोय? फोटो टाकणाऱ्या मार्गारेटबाई त्या कोळ्याची मुलगी. त्यांना लिहिलं, तुमच्या वडिलांच्या काखेत आहे ते मी केलेलं आहे, त्याचं पुढे काय झालं?

उत्तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आलं. ते मी सुनंदालासुद्धा दाखवलं नाही. हॉलमध्ये फोटो पडद्यावर लावला आणि बाईंचं उत्तर मराठी करून वाचलं. "ते आजही आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. बाबा बोटीवर जाण्याआधी त्याला हात लावूनच निघायचे. त्यांची बोट दर वेळी सुखरूप परत आली."

मग टाळ्या. पहिल्या रांगेत दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. माझा दीड दिवसाचा गणपती, त्याने पन्नासेक वर्षं तिथे मुक्काम ठोकून एका कोळ्याचं घर राखलं होतं. खरं सांगतो, ऊर भरून आला. कारखानीस उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रूफ अ‍ॅक्सेप्टेड."

इथे मी थांबायला हवं होतं. थांबतोय कसला! म्हटलं, त्या बाईंनाही कळू दे. तिथेच लॅपटॉपवर, अख्ख्या मंडळाला पडद्यावर दिसेल असं टाइप केलं. मॅडम, ते आमचं दैवत आहे. तुमच्या वडिलांनी त्याला ओळखलं, मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे.

बाई ऑनलाइनच होत्या. उत्तर लगेच आलं, तेही पडद्यावर. मी वाचण्याआधी कारखानिसांनी ते वाचलं, पेशंटला रिपोर्ट सांगतात त्या आवाजात, सावकाश मराठी करत.

"अरे देवा, आम्हाला माफ करा. आम्ही ती किटली समजत होतो. शुभशकुनाची, पण किटलीच. आईने झाकण उघडायचा फार प्रयत्न केला, ते निघालं नाही. आणि बाबांना शेवटपर्यंत एक कोडं होतं. तोटीला भोक का नाही?"

झाकण म्हणजे मुकुट, हे मी माईकवरून समजावून सांगायला गेलो. कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. सगळ्यात जास्त सुनंदा हसत होती.

पण अभिमान म्हणाल तर तो तसूभरही कमी झालेला नाही. मार्गारेटबाई आता रोज खिडकीत एक फूल ठेवतात. कारखानीस तर स्वतःहून लोकांना सांगतात, त्या गावात पहिला गणपती यांनीच बसवला, मी प्रूफ पाहिलंय.

कालच मंडळाने पुढच्या वर्षीच्या कामांची यादी लावली. मुलांना मूर्ती करायला शिकवण्याचं काम मी मागितलं होतं. माझ्या नावापुढे लिहिलंय, चहा.