आईच्या नावाची खोली

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. त्याचा मला माज आहे, तो मी लपवत नाही. म्हणून नौपाड्यातल्या वकीलबाईंसमोर मी करार ठेवला तो जरा आपटूनच.

मामाने डोंबिवलीतलं जुनं घर बिल्डरला दिलेलं. मामाला दोन फ्लॅट आणि विधवा बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, एक खोली-किचन, असं करारात स्वच्छ छापलेलं. आई त्या घराच्या मागच्या खोलीत राहायची. बिल्डरच्या शब्दावर तिने ती रिकामी केली आणि आम्ही दिवा स्टेशनजवळ भाड्याने आलो. बिल्डिंग उभी राहिली. आईची खोली बिल्डरने दुसऱ्यालाच विकली. इकडे घरमालकाने जागा सोडायला सांगितलेली.

"आईची सही कुठंय?" वकीलबाईंनी विचारलं.

सही नव्हती. हक्कसोड तर तिने आजोबा गेले तेव्हाच करून दिलेली, आमच्याकडे सगळ्याच मुली देतात. आणि कराराच्या वेळी म्हणाली, भावाच्या शेजारी बसून सही केली तर लोक म्हणतील हिने हिस्सा मागितला.

"पण नाव आहे ना!"

"लग्नपत्रिकेत तुझं नाव 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणून छापलं, तर नवरी तू होतेस का? करार मामा आणि बिल्डर, दोघांचा. दावा लावायचा तर मामांनी. घरातल्या घरात ठरलेली वाटणी होती असं दाखवलं तर आईलाही वाट आहे. पण ते सांगायला मामाच हवेत."

आई आणि मी तिथून तडक मामाकडे गेलो. मामी दारातच म्हणाली, "या, वकीलीण आली!"

मामा सगळं ऐकून घेईपर्यंत टीव्हीकडेच बघत होता. "अगं बाय, पोराच्या फ्लॅटचा ताबा अजून बिल्डरकडे अडकलाय. आता त्याच्याशी वाकडं कसं घेऊ?"

"मामा, तुम्ही नाही बोललात तर आईला कोर्टात कुणी उभंसुद्धा करणार नाही."

"सही माझी आहे ना? मग भांडायचं कधी ते मी ठरवीन."

आई आयुष्यात काही मागायला तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "दादा, भांडू नको. एवढंच सांग, की खोली तू माझ्यासाठी मागून घेतलेलीस."

मामाने मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "चहा टाकते."

चहा आला, आईने तो पूर्ण प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला. मला तो भिंतीवर फेकावासा वाटत होता.

जिन्यात मी म्हटलं, "आई, दावा लावूया. मामालाच साक्षीला ओढू. हरलो तर हरलो. तू फक्त हो म्हण."

ती कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली.

"भाऊबीजेला तू येऊ नकोस," ती म्हणाली. "मी एकटीच येईन."