गळावर थुंकणारा माणूस

खाडीच्या धक्क्यावर एक म्हातारा गळाला कोळंबी लावत होता. पाण्यात टाकण्याआधी तो गळावर थुंकला आणि मी जागीच थिजलो. मासा लागावा म्हणून असं थुंकायचा तो आमच्या वर्गातला वसंता, शाळा बुडवून. आणि वसंताला तर आम्ही वर्गाच्या मेळाव्यात दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली होती!

“वसंता?”

“अरे, बाळ्या! रिटायर झालास वाटतं?”

माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. तो गेल्याचं कुणीतरी सांगितलं, आम्ही खरं मानलं. घरी फोन करावा, असं एकालाही वाटलं नाही. गेलेल्या माणसाची आठवण काढणं किती सोपं असतं!

वसंता पोट धरून हसला. मग हळूच म्हणाला, “रडलं कोण रे?”

त्याच्या हातातली दोरी ताणली गेली. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.