थोरली तापली

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे ताटलीवाला म्हणत. वायफायची पांढरी गोल खोकी त्यानंच छताला उलटी चिकटवलेली. खालून पाहिलं की वाटे, कुणीतरी जेवण आवडलं नाही म्हणून ताटल्या वर भिरकावल्यात. ताटल्या चालू असल्या की त्याला कुणी ओळख देत नसे. एखादी बंद पडली, की भट्टीवाल्यापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना त्याच्या सात पिढ्या आठवत.

टेबलावरचे फोनही त्याच्याच गळ्यात. हे फोन जुन्या तारेवर नाही, कॉम्प्युटरच्याच जाळ्यावर बोलत. पूर्वी एक बिघडलं तर एकच बिघडायचं. आता त्याच्या कृपेनं सगळं एकदम बिघडायची सोय झाली होती. हे तो स्वतःच म्हणे, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

या जाळ्याच्या मुळाशी, जिन्याखालच्या थंडगार खोलीत, दोन चपट्या पेट्या होत्या. स्विच म्हणतात त्यांना. कारखान्यातलं सगळं बोलणं त्यांच्या पोटातून जायचं. दोघींना जाड केबलनं एकमेकींशी बांधलेलं आणि आतून असं पढवून ठेवलेलं, की बाहेरच्याला त्या एकच वाटाव्यात. एकीनं कारभार बघायचा, दुसरीनं तयार बसायचं. पहिली आडवी झाली तर दुसरीनं कारभार उचलायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. त्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं पट्ट्या चिकटवून लिहिलं, थोरली आणि धाकटी. घरात थोरली म्हणजे वहिनी, धाकटी म्हणजे बायको. त्यापलीकडे डोकं चाललं नाही, आणि एवढं चाललं याचंच त्याला कौतुक वाटलं.

ही हुशारी एका सुट्टीच्या सकाळी अंगाशी आली.

थोरलीच्या पोटातला पंखा अडकत चालला होता. कारखान्यात गर्दी नाही असं बघून त्यानं घरूनच काम उरकायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेतला, कानांवर हेडफोन चढवले आणि कारखान्यातल्या वायरमनला फोन लावला. कान झाकले की माणसाला आपला आवाज कळत नाही. मध्ये एक पडदा, पडद्याआड स्वयंपाकघर, आणि हा गडी शेतात हाका मारल्यासारखा बोलत होता.

"थोरली लई तापलीय हो. आता तिच्याकडून होत नाही. वय झालं."

पलीकडून वायरमन काहीतरी म्हणाला.

"नाही, नाही, दुरुस्तीत अर्थ नाही. आजच तिचा कारभार काढून धाकटीच्या हाती देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही... हां, झालं. आता ओढा तिला बाहेर. जोर लावा, जड आहे ती. भिंतीला टेकवून ठेवा. भंगारवाला येईल तेव्हा नेईल... नवी? नवी बघून ठेवलीय मी. हिच्यापेक्षा बारीक आहे, आवाज अजिबात करत नाही."

काम फत्ते झालं म्हणून तो चहा मागायला आत गेला. शेगडीपाशी वहिनी नव्हती. बायको हातात पळी धरून उभी होती, कुणी साप दिल्यासारखी.

"वहिनींना काय बोललात?"

"मी? कुठं काय?"

"पळी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, घे बाई, आता सगळं तुझ्याच हाती. आत बॅग भरतायत. लेकीकडे चालल्यात, कायमच्या."

तो आत धावला. वहिनी कपड्यांच्या घड्या बॅगेत रचत होती. दादा पलंगाच्या कडेला बसून घड्या मोजत असल्यासारखा बघत होता. दादा जन्मापासून असाच तयार बसलेला. कारभार उचलायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

"वहिनी, कुठं निघालात?"

"भंगारात. भिंतीला टेकून किती वेळ उभी राहू? म्हटलं आपणच जावं."

ही बाई या घरात आली तेव्हा तो शेंबडा पोर होता. तो शेंबूड हिनं पुसला, नापास झाल्यावर दादाच्या माराच्या आड हीच उभी राहिली. आणि ही जायचं म्हणाली की जाणार, परत येणारी बाई ही नव्हे, हे तो पुरतं जाणून होता.

"वहिनी, ती थोरली म्हणजे मशीन."

"मशीनच की. इतकी वर्षं दुसरं काय होते मी?"

"तसं नाही हो. खरीखुरी मशीन, कारखान्यातली. मी तिला तुमच्यावरून नाव दिलंय."

"माझ्यावरून का?"

इथं अकलेचा माणूस गप्प बसला असता.

"ती सगळ्यात जास्त तापते म्हणून," तो म्हणाला.

दादानं डोळे मिटून घेतले.

शेवटी तो काकुळतीला आला. "एकदा चला. डोळ्यांनी बघा. मग जायचं असेल तर मीच गाडीत बसवून देतो."

"बॅग घेऊनच येते," वहिनी म्हणाली.

कारखान्याच्या दारात पहारेकरी वाट बघतच होता. "बरं झालं आलात. माझा फोन मुका झालाय. भट्टीचापण. भट्टीवाला दोनदा येऊन तुमच्या नावानं शिव्या देऊन गेला. घेऊन ठेवल्यात मी, देऊ का?"

"राहू द्या," तो म्हणाला आणि भराभर जिन्याकडे निघाला. कुणाला कळणारसुद्धा नाही, असं सकाळी कोण म्हणालं होतं?

जिन्याखालच्या खोलीत थोरली सांगितल्याबरहुकूम भिंतीला टेकवलेली होती. अंगभर धूळ. वहिनीनं वाकून पट्टी वाचली. मग मांडणीवर उरलेल्या पेटीची पट्टी वाचली, धाकटी.

"ही किती चालली?"

"बसवल्यापासून. एकदाही बंद नाही."

"आणि धाकटी काय करत होती?"

"तयार बसली होती."

"आणि ह्या?" वहिनीनं मोकळ्या लोंबणाऱ्या केबलींकडे बोट केलं. एक मोठा झुबका होता.

तो झुबका त्याचीच करणी होती. नियम असा, की प्रत्येक विभागातून दोन केबली यायच्या, एक थोरलीत, एक धाकटीत. म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. नियम त्यानंच केला होता, लोकांना फळ्यावर चित्र काढून शिकवलाही होता. पण पुढं पुढं नवीन काही आलं, भट्टी म्हणा, दारावरचा फोन म्हणा, की त्यानं एकच केबल ओढायची आणि थोरलीत खोचून मोकळं व्हायचं. दुसरी उद्या टाकू. तो उद्या काही उगवला नव्हता.

"सगळं हिच्यातच का खोचलंत?"

"वर होती. हाताशी होती."

"हाताशी," वहिनी म्हणाली. "हां. ते खरं."

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, बॅग मांडीवर घेऊन. तो गुडघ्यांवर बसून एकेक केबल धाकटीत बसवू लागला. पाठीवर नजर टोचत होती. भट्टीचा फोन बोलू लागला तेव्हा पलीकडून पहिला शब्द आला तो लिहिण्यासारखा नाही. वहिनीनं ऐकला आणि पहिल्यांदा तिच्या ओठांची कड हलली.

"आपल्या धाकटीची चूक नाही," ती म्हणाली. "तिला मीच कशाला हात लावू देत नव्हते. पण तुम्ही दोघं भाऊ कुठं खोचलेले होतात?"

त्यानं पुढची केबल खोचली. त्याच्या धंद्यात न जोडलेल्या यंत्राला नाव नसतं.

"दोघींच्या जोडीला अजून जोडता येतात का? तिसरी, चौथी?"

"येतात. ओळीनं लावायच्या. सगळ्या मिळून एकच दिसतात."

"मग जोडा," वहिनी म्हणाली आणि उठली. "घरी चला. बॅग तुम्ही उचला."

संध्याकाळी स्वयंपाकघरात दादा भांडी घासत होता आणि निम्मी पुन्हा घासायला परत येत होती. ताटलीवाल्यानं भाजी करपवली, तीत पाणी ओतलं, मग मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. बायको दाराला टेकून उभी होती. हात लावायचा नाही अशी तिला वरून ताकीद होती.

"ढवळा," ती म्हणाली. "खालून. खालून म्हणजे वरून नव्हे."

पडद्याआडून वहिनीचा लेकीशी चाललेला फोन ऐकू येत होता. हेडफोन नव्हते तरी आवाज चांगला मोठा होता.

"नाही गं, आज येत नाही. इथं दोन नवीन जोडलेत. हो, नवीन कुठले, जुनेच, पण आजवर वापरलेलेच नव्हते. चालतात का बघते चार दिवस. एक आत्ताच धूर काढतोय."